तुती रडेल म्हणून

मखलूफ चोपन्न वर्षांचा आहे. दाढी पांढरी झाली आहे, गुडघे कुरकुरतात, आणि कुणी "बाळा" म्हटलं की तो तोंड फिरवून बसतो. हे मी शाकेदला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. शाकेद म्हणजे कंपनीची बाई. आमच्या वसतिगृहात यंत्रमानव घेऊन आली ती हीच. तिने मान डोलावली, वहीत टिपून घेतलं, आणि खोक्यातून जे बाहेर काढलं ते पाच वर्षांच्या पोरीच्या लाडिक आवाजात म्हणालं, "हॅलो बाळांनो! मी तुती!"

समोर चौदा माणसं बसली होती. सगळ्यांत लहान होती ती एकतीस वर्षांची. बुद्धीने मंद असतील, पण त्यांच्यातल्या दोघांनी स्वतःच्या हातांनी आईबाप पुरलेत. त्यांना बाळांनो!



तुती कमरेइतकी उंच, पांढरी गुळगुळीत, गुलाबी गालांची. पायांच्या जागी चाकं. नव्या चपलांच्या दुकानात येतो तसला वास तिच्या अंगाला यायचा. छातीवर एक पडदा, त्यावर तीन तोंडं: हिरवं हसरं, पिवळं गप्प, लाल रडकं. रोज सकाळी आठला ती एकेकाला विचारायची, "आज अंगाला कसं वाटतंय?" ज्याने त्याने आपलं तोंड दाबायचं. ते तारेतून कुठल्याशा दूरच्या नर्सच्या पडद्यावर जायचं. बाकी दिवसभर तुती आरोग्याचे धडे द्यायची. दात, हात, नखं, जंतू, लघवीचा रंग.

"पनीना, आपली डोकेदुखी गेली बघ," आमचा मॅनेजर नफ्ताली मला म्हणाला. "ज्याला जे काय होईल ते त्याने तुतीला सांगायचं. आपण मध्ये पडायचं नाही. कंपनीला शुद्ध नोंदी हव्यात."

"बावीस वर्षं मी मध्येच पडतेय, नफ्ताली. दुसरं काम काय आहे मला इथे?"

"अगं, दमलीस म्हणूनच सांगतोय ना, राणी! बस जरा. चहा घे."

चहा घेतला मी. खोटं कशाला बोलू, दमले होतेच.

दुसऱ्या आठवड्यात दातांच्या धड्याचं चित्रीकरण झालं. मखलूफला निवडलं, कारण कॅमेऱ्यात त्याची दाढी चांगली दिसते. तुती तोंडाने गाणं म्हणत होती आणि तो ब्रश फिरवत होता, अगदी मन लावून. शाकेद म्हणाली, "अजून एकदा, राजा. फेस जरा जास्त येऊ दे." मग अजून एकदा. मग बाजूने एकदा. पाचव्या वेळी फेस गुलाबी झाला. हिरड्यांतून रक्त आलं होतं. हनुवटीवरून ते त्याच्या सदऱ्यावर ओघळत होतं आणि तो थांबत नव्हता, कारण गाणं थांबलं नव्हतं.

कॅमेरावाला म्हणाला, "गुलाबी मस्त दिसतंय. तुतीच्या गालांना मिळतंय."

मी मखलूफच्या हातातून ब्रश काढून घेतला तेव्हा शाकेद माझ्याकडे बघून हसली. घरात आलेल्या पाहुण्यांसमोर खुळ्या सासूकडे बघून हसतात तसं.

आणि ते लाल तोंड. लाल दाबलं की तुती मान खाली घालायची, डोळ्यांतले दिवे मंद व्हायचे, आणि ती मुसमुसायची. चांगले दहा सेकंद. आत कुणी पोर कोंडलंय असंच वाटावं.

"हे कशाला?" मी विचारलं.

"सहवेदना," शाकेद म्हणाली. "आमच्या लोकांची तीन वर्षं गेलीत त्यात. तुमच्या माणसांना वाटायला हवं ना, की आपल्या दुखण्याचं कुणाला तरी वाईट वाटतंय."

पहिल्यांदा एका बाईने गुडघा दुखतो म्हणून लाल दाबलं, तुती मुसमुसली, आणि मखलूफ खुर्ची पाडून उठला. त्याने त्या प्लास्टिकला मिठी मारली, पाठीवरून हात फिरवला. "रडू नको, रडू नको. काही नाही झालंय तिला." मग मान वळवून त्या गुडघेवालीला म्हणाला, "रडवलंस ना तिला! लाज नाही वाटत?"

सगळे हसले. कॅमेरा चालू होता. मीही हसले. हे मला लिहायलाच हवं.

त्यानंतर लाल कुणी दाबलंच नाही. गुडघेवालीनेसुद्धा नाही. नफ्तालीने महिन्याचा तक्ता भिंतीवर लावला, सगळा हिरवागार. तुतीमुळे आमच्या माणसांची तब्येत सुधारली म्हणून.

एका शुक्रवारी सकाळी मी स्वयंपाकघरात होते. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत शब्बाथ, विश्रांतीचा दिवस; तेव्हा चूल पेटवायची नाही, यंत्र चालवायचं नाही, म्हणून दफीना आधीच विजेच्या शेगडीवर चढवायचा होता. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो मंद शिजत राहतो, त्यामुळे मांस, बटाटे, चणे, अंडी सगळं सकाळीच भरावं लागतं. मी बटाटे सोलत होते. मखलूफ दारात येऊन उभा राहिला, हात पोटावर.

"पनीना, इथे मांजर आहे."

"कुठे?"

"आत. ओरखडतंय."

"काल रात्री काय खाल्लंस?"

"काही नाही. मांजरामुळे."

मी हात पुसणार, तेवढ्यात त्याच्या मागून नफ्ताली कागदांचा गठ्ठा घेऊन आला. "आठ वाजले, मखलूफ! रांगेत जा. पनीना, त्याला आधी नोंदवू दे."

मी नफ्तालीकडे बघितलं, बटाट्यांकडे बघितलं. आणि म्हणाले, "जा, आधी तुतीला सांग. आरोग्याचं तिला सांगायचं. मग नर्स बघेल."

तो गेला. थोड्या वेळाने बाहेरच्या खोलीतून टाळ्या वाजल्या आणि तुतीचं आनंदाचं गाणं लागलं. ते हिरव्यालाच लागतं. मला वाटलं, गेलं असेल मांजर. मी पुढचा बटाटा घेतला.

दुपारी शब्बाथच्या आधी तुतीला बंद करून कोपऱ्यात ठेवलं. मखलूफने तिला शब्बाथ शालोम म्हटलं आणि भिंतीला हात लावत लावत आपल्या खोलीत गेला. जेवायला आला नाही. झोपलाय म्हणाले. झोपू दे म्हटलं.

शनिवारी सकाळी आमच्या आवारातल्या सिनॅगॉगमध्ये प्रार्थना असते. खोली लहान, पण आमचा हझान, म्हणजे सगळ्यांच्या पुढे उभा राहून प्रार्थना गाणारा, मोठा गवई आहे. प्रार्थना झाली की तो तोराच्या, आमच्या धर्मग्रंथाच्या, त्या आठवड्याच्या भागावर बोलतो, आणि बोलता बोलता गायला लागतो. कथा कुठे संपली आणि गाणं कुठे सुरू झालं ते कळत नाही. माझे आप्पा अलिबागकडून या देशात आले ते कीर्तनाचा नाद घेऊनच. मोशेचं आख्यान लावायचे तेव्हा समुद्र दुभंगायच्या ऐन जागी थांबायचे, कारण मागच्या ओळीत एखादी म्हातारी डोळ्याला पदर लावून बसलेली त्यांना दिसायची. "लोकांच्या तोंडाकडे बघत बोलावं," म्हणायचे. "नाहीतर ग्रामोफोन बरा." आमचा हझानही त्यातलाच. त्याची माणसं त्याला पाठ आहेत. मखलूफचा "आमेन" सगळ्यांच्या अर्धा श्वास आधी येतो, मोठा, लांब, बेसूर. हझान दर वेळी त्याच्यासाठी जागा सोडतो.

त्या दिवशी जागा सोडली आणि ती रिकामीच राहिली.

हझान थांबला. पुढचं वाक्य त्याने घेतलंच नाही, मखलूफच्या बाकाकडे बघत राहिला. बायकांच्या बाजूला जाळी आहे. मी जाळीला नाक लावलं. मखलूफ पुढच्या बाकाच्या पाठीवर कपाळ टेकून बसला होता. मान ओली. कानाच्या पाळ्या राखेच्या रंगाच्या.

मी जाळी ओलांडून पुरुषांच्या बाजूला गेले. कुणी अडवलं नाही.

"मखलूफ, मांजर अजून आहे?"

"श्श. संध्याकाळी सांगतो."

"कुणाला?"

"तुतीला. उठली की. आज तिचा शब्बाथ आहे."

"मला सांग."

"तुला नाही." त्याने डोळे उघडले नाहीत. "आरोग्याचं तिला सांगायचं. तूच म्हणालीस."

हझानने आणि मी त्याला दोन्ही बाजूंनी धरून त्याच्या खोलीत नेलं. दार उघडलं आणि वास आला. आंबट, कोंदट, त्यावर साबणाचा गोडसर थर. पलंग स्वच्छ होता, फरशी चकचकीत होती. वास कपाटातून येत होता. मी कपाट उघडलं. त्याच्या शब्बाथच्या दुसऱ्या सदऱ्यामागे पावाच्या पिशव्या लावून ठेवल्या होत्या, प्रत्येकीला तीन तीन गाठी. चार पिशव्या. आत ओकारी. हिरवट, पाण्यासारखी. शेवटची पिशवी हाताला अजून कोमट लागली.

मला कोरडी उबळ आली. पिशव्यांमुळे नाही. बावीस वर्षं मी या माणसांचं सगळं काढतेय, असल्या वासाने मला काही होत नाही.

"हे काय, मखलूफ?"

"राक्षस बांधून ठेवलेत," तो म्हणाला. "बाकीच्यांना लागू नयेत."

जंतूंच्या धड्यात तुती दात विचकलेले हिरवे राक्षस दाखवायची. ओकारीत राक्षस, शेंबडात राक्षस, आणि जो ते पसरवतो तो वाईट मित्र. मखलूफला वाईट मित्र व्हायचं नव्हतं. तो कुशीवर पडला, पाय पोटाशी ओढले. मी उजव्या कुशीला नुसतं बोट लावलं तर त्याच्या तोंडातून असा आवाज आला की हझानने भिंतीकडे तोंड केलं.

"काल सकाळी तू हिरवं का दाबलंस?"

त्याने चादर मुठीत धरली. मग म्हणाला, "लाल दाबलं की ती रडते." श्वास घेतला. "तिला आई नाही, पनीना."

शब्बाथला मी फोनला हात लावत नाही. कुणाचा जीव जात असेल तर लावायचा, हेही त्याच तोराने सांगितलंय, म्हणून त्यात थांबण्यासारखं काही नव्हतं. ऑफिसच्या खणातून फोन काढला. नियमाप्रमाणे आधी त्या दूरच्या नर्सला लावायचा असतो. लावला.

"मखलूफ?" ती म्हणाली. मागे कळफलकाचा टकटक आवाज. "तो तर महिनाभर हिरवा दिसतोय."

"पडद्यावर हिरवा असेल. इथे राखेसारखा झालाय. चार वेळा ओकलाय, उजवी कूस दगडासारखी लागतेय."

"तुम्ही नर्स आहात का?"

"नाही. मी त्याच्याजवळ उभी आहे."

"बाई, रागावू नका, पण नोंद नसताना मी वर कळवू शकत नाही. असं करा, शब्बाथ संपला की यंत्र चालू करा आणि त्याला परत एकदा दाबायला सांगा."

"त्याच्यासाठी तो जिवंत असायला लागेल," म्हणाले, आणि फोन ठेवून सरळ रुग्णवाहिकेला लावला.

आतडं फुटलं होतं. अपेंडिक्स. पोटभर पू झाला होता. शल्यविशारद तरुण मुलगी होती, डोळ्यांखाली काळं, हातमोजे काढत मला म्हणाली, "दुखत असणार त्याला, कधीपासून तरी. कुणाला बोलला नाही?"

"बोलला," मी म्हणाले. "शुक्रवारी सकाळी. मला."

तिने हातमोजे कचऱ्यात टाकले. मला चार शब्द सुनवायला हवे होते.

मखलूफ वाचला. पहिले तीन दिवस तापात बडबडत होता, मग शुद्धीवर आला. कुशीतून एक नळी बाहेर काढली होती, तिच्या टोकाला पिशवी, पिशवीत पिवळट घाण साठायची. रोज ती मोजून ओतायचे. मी रजा टाकून त्याच्याजवळ बसले. नफ्तालीचे फोन यायचे. "कसा आहे?" हे एकदा विचारायचा आणि "नोंदीत काय लिहायचं ठरलं?" हे तीनदा.

सहाव्या दिवशी दुपारी शाकेद आली. बरोबर नफ्ताली, कॅमेरावाला, आणि चाकांवर तुती. शाकेदचे डोळे सुजले होते. खरंच रडली असावी, मी नाही म्हणणार नाही. तिने मला मिठी मारली. अत्तराचा एवढा भपकारा की पिशवीतल्या घाणीचा वासही मागे पडला.

"आम्ही सगळे हादरलो, पनीना. बिचारा! पण एक सांग, तू विचारल्यावर त्याने बोटाने जागा दाखवली ना?"

"मी बोट लावलं. तो ओरडला."

"म्हणजे जागा कळली. तेच म्हणतेय मी. आपलं अंग ओळखा, हा चौथा धडा! तोच उपयोगी पडला त्याला." ती नफ्तालीकडे वळली. "हे घ्यायलाच हवं."

"दोनच मिनिटं, पनीना," नफ्ताली माझ्या डोळ्यांत न बघता म्हणाला. "तुती त्याला भेटायला आली, एवढंच. मंत्रालयाचे लोक बघणार आहेत. तू बाजूला बसलीस तर चांगलंच. फक्त काही बोलू नको."

उकिरड्यावर पाय पडावा आणि घाण चपलेच्या आत जावी, तसं झालं मला. त्यांचं एक वेळ राहू दे. मी उठले का नाही? उठले नाही. कारण मखलूफने तुतीला बघितलं होतं, आणि सहा दिवसांत पहिल्यांदा त्याचे दात दिसले.

"तुती! चालत आलीस? एवढ्या लांब?"

"हॅलो बाळा!" तुती म्हणाली. कॅमेऱ्याचा लाल ठिपका लागला. "आज अंगाला कसं वाटतंय?"

तासाभरापूर्वी त्याची पट्टी बदलली होती. तेव्हा त्याने पलंगाचा गज असा आवळला होता की बोटं पांढरी पडली. आता तोच हात उचलून त्याने हिरव्याकडे नेला. ओठ दाबून, हसत. मी त्याचं मनगट धरलं.

"मखलूफ. खरं काय ते."

"पण ती—"

"खरं."

त्याने माझ्याकडे बघितलं, तुतीकडे बघितलं, आणि लाल दाबलं. तुतीची मान खाली गेली. दिवे मंदावले. ती मुसमुसायला लागली.

"नाही! नाही, नाही, चुकलं! हिरवं! हिरवं आहे!" तो उठून बसायला लागला. दोन्ही हात तिच्याकडे, नळी ताणली गेली, कुशीवरच्या पट्टीतून लालभडक डाग चादरीवर पसरला. "तुती, चुकलं माझं! मला काही नाही झालं! पनीना, हिरवं दाब ना, माझा हात पुरत नाही!"

आणि मागून शाकेदचा हलका आवाज आला, कॅमेरावाल्यासाठी: "थांबू नको. घे. घे."

मी एका हाताने मखलूफला उशीवर टेकवलं. दुसऱ्या हाताने तुतीचा खांदा धरला. तो गुळगुळीत होता आणि थोडा गरम, माझ्या अंगावर काटा आला. मी तिला चाकांवरून ढकलत दाराबाहेर नेलं. कॅमेरावाला आडवा होता, त्याच्या पायावरून चाक गेलं, त्याने आई आठवली. शाकेदला दंडाला धरून बाहेर केलं. नफ्ताली आपण होऊन गेला. मी दार लावलं आणि पाठ टेकून उभी राहिले.

"तिला कोण बघतंय?" मखलूफने विचारलं. त्याच्या दाढीतून पाणी गळत होतं.

"नर्स बघतेय."

"थांबली रडायची?"

दाराच्या पलीकडे ते अजून मुसमुसत होतं. माझ्या पाठीला जाणवत होतं.

"थांबली," मी म्हणाले. "झोपली."

आयुष्यात मी त्याच्याशी खोटं बोलले नव्हते. एका डब्यासाठी बोलले. जिभेवर कुजकं काही ठेवल्यासारखं वाटलं, आणि थुंकायलाही जागा नव्हती.

त्याने दाराकडे कान दिला. बाहेरचा आवाज बंद झाला. त्याने श्वास सोडला.

"मग आता सांगू?"

"सांग."

"दुखतंय, पनीना. खूप. मांजर गेलं. आता सुरी आहे. इथे आणि इथे, आणि खोकलो की पाठीत."

दार माझ्या पाठीवर हलकेच ढकललं गेलं. फटीतून शाकेदचं अर्धं तोंड. "पनीना, ऐक ना, एवढंच शेवटचं. हे आत्ता म्हणाला ते परत म्हणेल का? आवाज आला नाही बाहेर."

मी पाठीने दार लोटलं. तिचं नाक वाचलं असावं, बघितलं नाही. मी पलंगाजवळ येऊन घंटा दाबली आणि नर्स येईपर्यंत दाबून धरली.

नर्स आली. जाडजूड, घामेजलेली, दुपारचं जेवण अर्धवट टाकून आलेली, ओठाला अजून काहीतरी लागलेलं. तिने चादरीवरचा डाग बघितला, बाह्या वर केल्या आणि मखलूफजवळ वाकली. "कुठे दुखतंय, मखलूफ?"

 त्याने आधी तिच्या डोळ्यांकडे नीट बघितलं. मग माझ्या. मी दात आवळून, डोळे कोरडे ठेवून उभी होते.

दोघींपैकी कुणी रडत नाही, अशी खात्री झाली तेव्हा त्याने पांघरूण बाजूला केलं आणि दाखवलं.